गावाखेड्यातून रोड ट्रिप: बजेट चेन हॉटेल कसं निवडता? (नेपरव्हिल ते यलोस्टोन, सासूसासऱ्यांसह)

सातारची_सून (९ मे २०२५)

मंडळी, इतकी वर्षं वाचनमात्र होते, आता गळ्याशी आलंय म्हणून पहिला धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

साताऱ्याहून सासूसासरे आलेत आणि नवऱ्याने एका संध्याकाळी जाहीर करून टाकलं की यलोस्टोनला गाडीने जायचं, कारण बाबांना विमानातून ढग बघायचे नाहीत, देश बघायचाय. ठीक. आय-९० हायवे धरून विस्कॉन्सिन, मिनेसोटा, साउथ डकोटा, वायोमिंग. मिनीव्हॅन आहे. आम्ही दोघं, आई-बाबा आणि नऊ वर्षांचे चिरंजीव. २८ जूनला शनिवारी निघायचं, पहिला मुक्काम अल्बर्ट ली, दुसरा चेंबरलेन, मग रॅपिड सिटीला दोन रात्री, मग डेव्हिल्स टॉवर बघून बफेलो, ३ जुलैला कोडी. ४ आणि ५ ला पार्कातलंच बुकिंग मिळालंय (कुणीतरी कॅन्सल केलेलं, देव त्यांचं भलं करो) आणि ६ ला परतीच्या वाटेवर बिलिंग्ज.

आता मधल्या मुक्कामांचं बघायला बसले तर डोकं गरगरलं. सुपर ८, डेज इन, क्वालिटी इन, कम्फर्ट इन, इकॉनो लॉज, मोटेल ६, ला किंटा, बेस्ट वेस्टर्न... एकाच ब्रँडचं एका गावात ४.४ रेटिंग आणि पुढच्या गावात २.९. शहरात निदान दहा पर्याय असतात, इथे गावच हजार माणसांचं. यातली कुठली चेन डोळे मिटून घेण्यासारखी आहे? बाबांचा एक गुडघा बदललेला आहे, आईंना वास सहन होत नाहीत. बजेट खोलीमागे टॅक्ससकट १४०-१५० डॉलर. पाचजणांना एक खोली पुरेल का दोन घ्याव्यात?

अर्धा_कप_चहा

डोळे मिटून कुठलीच नाही :)

डांबरी_रस्ता

वरच्यांनी एका ओळीत सांगितलं ते मी नेहमीप्रमाणे लांबण लावून सांगतो. आय-९० आणि आय-८० दोन्ही मिळून आठनऊ वेळा झालंय, दोनदा सामान शिफ्ट करताना ट्रक घेऊन.

चेन म्हणजे फक्त पाटी, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. ही जवळजवळ सगळी फ्रँचायझी आहेत, हॉटेल कुणा स्थानिक मालकाचं, तो फी भरून पाटी, बुकिंगची सिस्टिम आणि पॉइंट्सची योजना घेतो. पुण्यात एकाच नावाची अमृततुल्यं गल्लोगल्ली निघालीत, पण चहा कुठे उकळलेला आणि कुठे नुसता गरम केलेला असतो ना, तस्संच. सुपर ८, डेज इन, ला किंटा, मायक्रोटेल, ट्रॅव्हलॉज, बेमाँट ही सगळी विंडम कंपनीची पोरं. कम्फर्ट इन, क्वालिटी इन, स्लीप इन, इकॉनो लॉज, रोडवे इन ही चॉइस हॉटेल्स कंपनीची. बेस्ट वेस्टर्न तर मुळात कंपनीपेक्षा मालकांची संघटनाच, आपल्याकडच्या सहकारी संस्थेसारखी, त्यामुळे तिथे एक हॉटेल दुसऱ्यासारखं कधीच नसतं, पण गावात दोन पिढ्या टिकलेला मालक असेल तर पैसे वसूल.

दुसरं म्हणजे पाट्या बदलतात. इमारत वीस वर्षांची झाली, वरच्या ब्रँडने सांगितलेलं रिनोव्हेशन मालकाला परवडत नाही, मग तो पाटी उतरवून खालच्या ब्रँडची लावतो. हे वाईटच असतं असं नाही बरं का, कधीकधी मोठ्या खोल्या, जाड भिंती आणि लिफ्ट अशी चांगली इमारत स्वस्तात मिळते. म्हणून मी ब्रँड बघतच नाही, इमारत बघतो. मॅपवर जाऊन स्ट्रीट व्ह्यू लावायचा आणि खोलीचं दार कुठे उघडतं ते बघायचं, आतल्या कॉरिडॉरमध्ये की थेट पार्किंगमध्ये. पार्किंगमध्ये उघडणारी जुनी मोटेल्स. सासऱ्यांच्या गुडघ्याला खरं तर तीच सोयीची, गाडी दारात लावली की दोन पावलांवर पलंग, पण रात्रभर कुणाचं ना कुणाचं इंजिन खिडकीखाली चालू असतं.

आणि लिफ्ट!! हे बोल्डमध्ये वाच. छोट्या गावातल्या दुमजली जुन्या मोटेलांना लिफ्ट नसते, आणि वेबसाइटवर "लिफ्ट नाही" असं कुणी ठळकपणे लिहीत नाही. फोन करून तळमजला मागायचा आणि बुकिंगवर नोट टाकायला सांगायची.

ओहायोकर

+१ लिफ्टला. आम्ही चार बॅगा आणि आजी दोन्ही वर चढवलेत.

पाचजणांचं म्हणशील तर दोन क्वीन बेडच्या खोलीत सहसा चारच माणसं चालतात, गुपचूप पाचवा नेऊ नका. पाचजणांना सोफाबेडवाली स्वीट तरी हवी नाहीतर दोन खोल्या. गावात दोन साध्या खोल्या शेजारीशेजारी घ्या, अनुभवाने सांगतो, ज्येष्ठ मंडळींबरोबर दहा दिवस एका बाथरूमवर काढायचे असतील तर वाचवलेले पैसे कुठे गेले ते कळणार पण नाही.

खुसपट

मुळात चेनच का? कॅम्पग्राउंडच्या केबिन घ्या, गावातली घरगुती मोटेल्स घ्या, तिथला माणूस कळतो. चेन म्हणजे सगळीकडे तोच गालिचा आणि तीच भिंतीवरची फ्रेम.

चकली_डबा

@खुसपट, केबिनला बऱ्याचदा संडास बाहेर असतो, कॉमन. गुडघा बदललेल्या माणसाला रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन गवतातून चालवणार का? घरगुती मोटेल्स मलाही आवडतात, पण तिथे कॅन्सलेशनचे नियम बरेचदा कडक असतात, चेनवाली बहुतेक आदल्या दिवसापर्यंत फुकट कॅन्सल करू देतात (दर निवडताना बघा, थोडा स्वस्त प्रीपेड दरही असतो तो रोड ट्रिपला घेऊ नये). म्हाताऱ्यांसोबत प्लॅन बदलतोच.

आता आमची फजिती. नेब्रास्कात एका मुक्कामी नवऱ्याला आमटीभाताची हुक्की आली. छोटा इलेक्ट्रिक कुकर होता, म्हटलं बाथरूमचा पंखा लावून तिथेच करू, पंखा आहे तर धूर जाईल. मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरची टाकली आणि मिरचीबरोबर अलार्म. रात्री सव्वानऊला सगळं हॉटेल पार्किंगमध्ये, पायजम्यात, आणि आमच्या अंगाला फोडणीचा वास. चूक शंभर टक्के आमची, खोलीत स्वयंपाक करायचा नाही हे दारामागच्या कागदावर लिहिलेलं होतं. क्लीनिंग चार्ज भरला, तोंड लपवून निघालो. तेव्हापासून फक्त किटली आणि मायक्रोवेव्ह.

सातारची_सून

हसून हसून पुरेवाट झाली चकली_डबा!! आमच्याकडे नेमकं हेच होणार होतं, आईंनी मिसळणाचा डबा बॅगेत ऑलरेडी भरलाय.

अर्धा_कप_चहा

थोडं अवांतर, पण तुझ्या वाटेवरचं आहे. मोटेल ६ मधला ६ म्हणजे रात्रीचे सहा डॉलर, १९६२, सांता बार्बरा. सुपर ८ चं पहिलं मोटेल १९७४ साली साउथ डकोटातच उघडलं, अबर्डीनला, दर ८ डॉलर ८८ सेंट. आणि हॉलिडे इन निघालं ते एका बापाच्या चिडचिडीतून, केमन्स विल्सन पोराबाळांना घेऊन १९५१ मध्ये वॉशिंग्टनला गाडीने गेला, वाटेतली मोटेल्स प्रत्येक मुलामागे दोन डॉलर जास्त लावत होती, त्याने वैतागून पुढच्याच वर्षी मेम्फिसला स्वतःचं काढलं, मुलं फुकट.

जाता जाता, मोटेल ६ आता आपल्या ओयोकडे आहे. ५२५ मिलियन डॉलर, २०२४ मध्ये.

खुसपट

हे सासऱ्यांना सांगू नका, "ओयोत उतरलो" असं साताऱ्यात सांगायची पंचाईत होईल. (हलके घ्या.)

पावसाळी

आणि ही बजेट हॉटेलं चालवतं कोण? बहुतांश गुजराती मंडळी, त्यातले कितीतरी पटेल. त्यांची आहोआ नावाची संघटना आहे, १९८९ पासूनची, त्यांच्याच सांगण्यानुसार अमेरिकेतली साठेक टक्के हॉटेलं त्यांच्या सभासदांची. त्यामुळे काउंटरवर काका दिसले की मी सरळ विचारते, काका तळमजल्यावरची बरी खोली कुठली? डिस्काउंट नाही मिळत हो, ते अपेक्षित धरू नका, पण खरं उत्तर मिळतं. एकदा एका मावशींनी "१०९ नको, तिथे बर्फाचं मशीन खडखडतं, ११५ घे" असं सांगितलं आणि वर विचारलं जेवलात का.

डांबरी_रस्ता

हे बेस्ट. अजून दोन गोष्टी राहिल्या.

एक, रेल्वे. ही गावं वसलीच रुळांच्या कडेला, आणि रस्ता जिथे रूळ ओलांडतो तिथे इंजिनाला सहसा भोंगा द्यावा लागतो, दोन लांब, एक आखूड, एक लांब, दिवसरात्र. जिलेट परिसरात कोळशाच्या मैलमैल लांब गाड्या असतात. मॅपवर हॉटेलपासून रूळ आणि क्रॉसिंग किती लांब ते मोजायचं, अर्ध्या मैलाच्या आत असेल तर रिव्ह्यूत "ट्रेन" शब्द शोधायचा. रिव्ह्यू वाचायची माझी पद्धतच ती, सरासरी आकडा बघत नाही, शेवटच्या तीन महिन्यांचे रिव्ह्यू घेऊन त्यात ट्रेन, स्मेल, डॉग, बग्ज, एसी हे शब्द शोधतो. सासूबाईंना वास सहन होत नाहीत म्हणालीस ना, मग पेट फ्रेंडली हॉटेलात कुत्रे न राहिलेली खोली आवर्जून मागायची.

दोन, गर्दी. आपल्याला वाटतं खेड्यात कोण येतंय, मिळेल कुठेही. तर तसं नाही. सोमवार ते गुरुवार रस्त्याची कामं करणारे, पवनचक्कीवाले, खाणीवाले यांनी मोटेल भरलेलं असतं, पहाटे पाचला ब्रेकफास्टला सगळे पिवळ्या जाकिटात. (शेजारी म्हणून उत्तम, नऊला झोपतात.) शनिवार-रविवारी मुलांच्या बेसबॉल टीम, त्या कॉरिडॉरमधून पळतात. ऑगस्टच्या सुरुवातीला स्टर्जिसची मोटरसायकल रॅली, लाखो बाइकवाले, तेव्हा रॅपिड सिटीच्या आसपास दर ऐकवत नाहीत. ऑक्टोबरात फेझंट पक्ष्यांच्या शिकारीला चेंबरलेन-मिचेल फुल. तुझ्या तारखांना यातलं काही नाही, पण...

थांब. ३ जुलै कोडी????

पावसाळी

हो मी पण तेच लिहायला आले! कोडी स्टँपीड, १ ते ४ जुलै, मोठा रोडिओ, म्हणजे काउबॉयंच्या कसरतींचे खेळ. त्या चार दिवसांत तिथे साध्या मोटेलचा दर बघ, पार्कातल्या बुकिंगपेक्षा महाग निघेल.

सातारची_सून

आत्ता बघितलं. एका खोलीचे ३८९ + टॅक्स, तेसुद्धा पार्किंगमध्ये दार उघडणाऱ्या. दोन खोल्या म्हणजे... नको, मी आता नवऱ्याला फोन करते.

डांबरी_रस्ता

करू नकोस, सोपं आहे. बफेलोहून निघून यूएस १६ ने बिगहॉर्नचा घाट चढा (पावडर रिव्हर पास, ९,६६६ फूट, रस्ता सुंदर आणि रुंद), खाली टेन स्लीप, वर्लंड, आणि तिथून अर्ध्या तासावर दक्षिणेला थर्मोपोलिस. तिथे मुक्काम. गरम पाण्याचे झरे आहेत, स्टेट पार्कात सरकारी स्नानगृह आहे आणि ते फुकट आहे, १८९६ च्या करारात शोशोनी आणि अरापाहो लोकांकडून जमीन घेताना जनतेला पाणी फुकट ठेवायचं असं ठरलं, ते आजही पाळतात. १०४ फॅरनहाइट, एका वेळी वीस मिनिटं. आपलं वज्रेश्वरीच म्हण, फक्त टाइल्स बसवलेलं. सासऱ्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या एकदा. चेन हॉटेलं आहेत गावात. सकाळी लवकर निघालात तर कोडीत फक्त पेट्रोल आणि कॉफी, आणि दुपारी पार्कात.

फक्त यूएस १४-ए या रस्त्याने जाऊ नका, मॅप कधीकधी तो दाखवतो, भरलेल्या व्हॅनला तो उतार नको.

वऱ्हाडी_ठेचा

वाचतोय, मस्त चाललाय धागा. वाचनखूण साठवली. इकडे आम्ही पुण्याहून लोणार आणि पुढे ताडोबा केलं दिवाळीत, चेनबिन काही नाही, शहर सुटलं की एमटीडीसी नाहीतर लॉज. पण लॉजचं एक बरं, चेकआउट २४ तासांचं, रात्री अकराला गेलात तर दुसऱ्या दिवशी रात्री अकरापर्यंत खोली तुमची. तुमच्याकडे सकाळी अकराला हाकलतात म्हणे.

ओहायोकर

हाकलतात, आणि दुपारी तीनच्या आधी घेत नाहीत. रात्री उशिरा पोचणार असाल तर हॉटेलला फोन करून सांगा, छोट्या गावात रात्री काउंटरवर एकटा माणूस असतो, तोही कधी मागे जाऊन झोपतो. आमचं बुकिंग एका तिसऱ्याच वेबसाइटवरून केलेलं होतं, नावं घेत नाही, मध्यरात्री पोचलो तर काउंटरवरचा म्हणे तुमची खोली दिली दुसऱ्याला. वेबसाइटला फोन केला तर ते म्हणे हॉटेलशी बोला. हॉटेल म्हणे वेबसाइटशी बोला. पुढच्या गावापर्यंत ४० मैल गाडी चालवली, हरणं चुकवत. तेव्हापासून दर तिथे बघतो आणि बुकिंग हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर नाहीतर थेट फोनवर करतो.

खोलीत शिरल्यावर बॅगा आधी बाथटबमध्ये ठेवायच्या, मग चादर उचलून गादीचे कोपरे आणि हेडबोर्डची मागची बाजू मोबाइलच्या टॉर्चने बघायची, काळे ठिपके दिसले की ढेकूण. खोली बदलून नाही, हॉटेल बदलून घ्यायचं. बायको हसते मला. हसू दे.

चकली_डबा

आणि बाबांसाठी हँडलवालं बाथरूम मागा, बऱ्याच चेन हॉटेलांत अशा एकदोन खोल्या असतात. टबाची कड ओलांडून आत जाणं हीच खरी अडचण असते, कमोडपेक्षा.

सातारची_सून (१२ मे)

सगळ्यांना दंडवत. सगळं बुक केलं, सगळं कॅन्सल होणारं, सगळं हॉटेलच्या साइटवरून किंवा फोनवर. कोडी रद्द, थर्मोपोलिस नक्की. सहापैकी तीन ठिकाणी एकाच घराण्याचे ब्रँड घेतले म्हणजे पॉइंट्स तरी साठतील. आल्यावर लिहितेच.

सातारची_सून (१९ जुलै)

धागा वर काढतेय, शब्द दिला होता.

अल्बर्ट लीला वीस वर्षं जुनी इमारत, पाटी बदललेली (डांबरी_रस्ता, जुनी पाटी जिथे होती तिथे भिंतीवर फिकट चौकोन अजून दिसतो!), पण लिफ्ट, जाड गालिचा, शांत. टॅक्ससकट १०४. चेंबरलेनला नेमकं उलट, चकाचक नवीन फोटो, ४.३ रेटिंग, आणि खोलीत शिरल्याशिरल्या आईंनी पदर नाकाला लावला. कुत्र्याचा वास. काउंटरवरच्या मुलीने एक अक्षर न बोलता दुसरी खोली दिली, कारण मी फोनवर नोट टाकायला लावलेली ती तिला स्क्रीनवर दिसली. त्या एका फोनने वाचवलं.

मर्डो गावाच्या पुढे टाइम झोन बदलून घड्याळ तासभर मागे गेलं त्यामुळे वॉल ड्रगला (वाटेवरचं प्रसिद्ध मोठं दुकान) वेळ मिळाला, बाबांनी पाच सेंटवाली कॉफी तीन वेळा घेतली, "साताऱ्यात पेपर कप सुद्धा येणार नाही एवढ्यात". रॅपिड सिटीच्या दोन रात्री ठीक, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

बफेलोला मात्र गंमत झाली. बुकिंग तळमजल्याचं, नोट टाकलेली, फोनवर दोनदा खात्री केलेली, आणि पोचलो तर तळमजला म्हणजे अर्धा जिना खाली. इमारत उतारावर, आत शिरलं की आठ पायऱ्या वर नाहीतर आठ पायऱ्या खाली, मध्ये काही नाही. तेव्हा यादीत हेही टाका, नुसतं "तळमजला" विचारू नका, "गाडीपासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या" असं विचारा. बाबा कठडा धरून एकेक पायरी उतरले आणि खाली पोचल्यावर म्हणाले, अजिंक्यतारा झाला.

थर्मोपोलिस हा सगळ्या ट्रिपचा कळस. बाबा त्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून डोळे मिटून बसले, शेजारी काउबॉय हॅटवाले एक आजोबा (हॅट पाण्यातसुद्धा डोक्यावरच), दोघांना एकमेकांची भाषा धड कळत नव्हती पण दोघं आपापला गुडघा दाखवत होते. वीस मिनिटांनी तिथल्या बाईंनी उठवलं तेव्हा दोघांनी मिळून तिला अजून पाच मिनिटं मागितली. मिळाली नाहीत.

६ जुलैला बिलिंग्ज, आषाढी एकादशी. आईंचा उपास चुकला नाही. सकाळी पार्कातल्या केबिनमध्ये साबुदाणा भिजवून डब्यात घेतलेला, दाण्याचं कूट घरून, तूप घरून, आणि खोलीतल्या मायक्रोवेव्हमध्ये खिचडी. अलार्म वाजला नाही. मुलाने मोबाइलवर पंढरपूरचं लाइव्ह लावलं, तिकडे दुसरा दिवस उजाडायला आलेला, तरी आईंनी हात जोडले.

चकली_डबा

अगं साबुदाणा मायक्रोवेव्हमध्ये?? गोळा नाही झाला?

सातारची_सून

आधी कूट आणि मीठसाखर लावून मोकळा करायचा, मग दोन मिनिटं, हलवायचं, परत दीड. झाकण अर्धवट. मिरची कच्चीच चिरून वरून, फोडणीच्या भानगडीत पडायचं नाही, तुझ्याकडूनच शिकलो.